डब्ल्यूसी पॉलिसी असूनही खिशाला चाट? छोट्या कारखानदारांनो, या चुका टाळा

"पॉलिसी हाय की हो माझी," असं म्हणत कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक शेडमालक फाईल उघडून माझ्यासमोर बसले. पॉवर प्रेसवर पंचवीस वर्षांच्या पोराचा अंगठा गेला होता. डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकानं द्यायच्या भरपाईचा विमा, होती, मुदतीत होती, हप्ताही भरलेला होता. पण तिच्यात पाच हेल्पर, पगार दरमहा ८,००० आणि पत्ता उद्यमनगरचा. प्रत्यक्षात प्रेस सहा महिन्यांपूर्वी शिरोली एमआयडीसीत हलवलेला, पोरगा हेल्पर नव्हे तर ऑपरेटर, आणि पगार १६,०००.

भरपाई ठरते ती खऱ्या पगारावर, खऱ्या वयावर. विमा कंपनी मात्र तुम्ही अर्जात काय लिहून दिलंय ते बघते. या दोन्हींत जेवढं अंतर, तेवढी रक्कम मालकाच्या खिशातून. माझ्याकडे अडकून आलेली बहुतेक प्रकरणं इथंच अडकलेली असतात.

हे ८,००० आले कुठून?

प्रत्येक वेळी ही लबाडीच असते असं नाही. भरपाईच्या हिशेबात महिन्याचा पगार एका मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा पूर्वी ८,००० होती, जानेवारी २०२० पासून १५,००० झाली. नूतनीकरणाला मागच्या वर्षीचाच कागद पुढं सरकवायची आपल्याला सवय, म्हणून जुना आकडा तसाच राहतो. काही जण हप्ता वाचवायला मुद्दाम ठेवतात, तेही खरंच. हप्ता एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो ना!

त्या अंगठ्याचा हिशेब मी मालकांना कागदावर मांडून दाखवला. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायचं; पंचविशीचा गुणक २१६.९१. गुणाकार आला १९,५२,१९०. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं कायद्याच्या परिशिष्टात धरलंय, म्हणजे ५,८५,६५७ रुपये. हेच ८,००० पगारावर केलं तर ३,१२,३५० च्या आसपास. मधले पावणेतीन लाख कोण देणार? मालक बराच वेळ कॅल्क्युलेटरकडेच बघत बसले.

मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्क्यांना गुणक लावतात. तिशीचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,००० पगाराच्या माणसामागं १५,५९,८५० रुपये. पाच-सहा माणसांच्या शेडला हा आकडा पेलत नाही.

तेव्हा पगाराच्या रकान्यात हजेरीपटावर जे खरं आहे ते लिहा, ओव्हरटाइम धरून. फौंड्रीत फेटलिंग करणारा (ओतीव माल घासून साफ करणारा), भट्टीवरचा आणि गेटवरचा वॉचमन या तिघांना एका ओळीत 'हेल्पर' म्हणून कोंबू नका. दुसरी शेड घेतली, गोकुळ शिरगावला काम हलवलं, माणसं वाढली, तर वर्ष संपायची वाट न बघता कंपनीला लेखी कळवून बदलाची नोंद करून घ्या.

"ती माणसं ठेकेदाराची"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तुमच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेत असाल, तर कामगार भरपाई थेट तुमच्याकडं मागू शकतो. ठेकेदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, पण मुकादम तोवर कुठल्या जिल्ह्यात असेल कोण जाणे. पॉलिसीत ठेकेदाराच्या माणसांची जोड वेगळी मागून घ्यावी लागते. करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळमालकांनी तर हे नीट ऐकावं. हंगामापुरती आलेली टोळी, चरकावरचा माणूस, काहिलीजवळचा गुळव्या, यातलं कुणीच "रोजंदारीवरचं, आपलं नव्हे" म्हणून सुटत नाही.

दवाखान्याच्या बिलाचंही तसंच. कामावरच्या इजेचा प्रत्यक्ष उपचारखर्च २०१० पासून मालकावर आहे, पण साध्या पॉलिसीत तो बऱ्याचदा नसतो. वैद्यकीय खर्चाची जोड आहे का, आणि किती रकमेपर्यंत, ते आधी बघा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. २१,००० पर्यंत पगाराच्या, ईएसआयमध्ये नोंद असलेल्या कामगाराची इजा तिकडं जाते, त्याच्यासाठी पुन्हा डब्ल्यूसी काढायची गरज नाही. उलटी चूक जास्त महाग पडते: माणसं बारा, ईएसआयला नऊ दाखवलेली आणि डब्ल्यूसी पाचांची.

"आपापसात मिटवलं, बॉण्डवर सही घेतली"

सगळ्यात वाईट चूक ही. मनानं चांगला मालकच ती जास्त करतो. कामगार गेला, त्याच्या बायकोच्या हातात दोन लाख दिले, "पुढं काही मागणार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दच असतो. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम सोडली तर मृत्यूची भरपाई परस्पर वारसांना देताच येत नाही, ती सरकारी प्राधिकाऱ्याकडंच जमा करायची. त्यापलीकडं परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, मग पुन्हा पूर्ण रक्कम भरा.

"दारू प्याला होता", "गार्ड त्यानंच काढला" हा बचाव किरकोळ इजेत चालू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं की चालत नाही. आणि खरं सांगा, उत्पादन वाढावं म्हणून गार्ड काढायला कुणी सांगितलं होतं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. हिशेबाची पद्धत तीच, पण घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही आता कामाशी संबंध दिसला तर धरला जातो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हायवेवरून मोटारसायकलनं येणारी पोरं किती आहेत ते मोजा, आणि तुमची पॉलिसी नव्या संहितेनुसार आहे का ते कंपनीला लेखी विचारा.

अपघात झालाच तर

आधी दवाखाना. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल, नुसता एजंटाला फोन नको. हजेरीपट, पगारपत्रक, वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद आणि मशीनचा फोटो एका जागी ठेवा. हजेरी मागाहून रंगवू नका, दावा तपासायला कंपनीनं पाठवलेल्या सर्व्हेअरला शाई ओळखता येते.

सर्व्हेअर येईपर्यंत पैसे अडवून ठेवू नका. देय झाल्यापासून महिन्यात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दंड विमा कंपनी भरत नाही, व्याजही कित्येक पॉलिसींत वगळलेलं असतं.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. ते हातात आलं की आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं जा. तिथं काम झालं नाही आणि तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं विनाशुल्क तक्रार करता येते. उद्यमनगरच्या मालकांकडं कारणाचं पत्र होतं. त्यात एकच ओळ होती: अपघाताची जागा पॉलिसीत नमूद नाही.