खणाच्या लाकडी रनरच्या या चुका टाळा (आणि चुका मारूही नका)

आईच्या शिवणाच्या सामानासाठी मी आठ छोट्या खणांचं एक कपाट केलं. बॉबिन, बटणं, हुक, चेन, उरलेल्या लेसचे तुकडे, असलं सगळं राहील असं. केलं मे महिन्यात. खण इतके मस्त सरकायचे की आई शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायची, बोटाने ढकला हो, नुसतं बोटाने. जुलै उजाडला आणि आठातले पाच खण उघडेनात, सहाव्याचं तर हँडलच हातात आलं. त्या पावसाळ्यात मी जे काही शिकलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुम्हाला काकूंसमोर तोंड लपवायला नको.

आधी एक, म्हणजे लोक विचारतातच की लाकडी रनर कशाला, सरळ चॅनेल (तयार लोखंडी सरकपट्टी) लावा ना. अहो मोठ्या ड्रॉवरला लावाच की. पण टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साधारण अर्धा इंच जागा खातं, म्हणजे दोन्हीकडून मिळून एक इंच गेला, आणि माझा बटणांचा खण होता जेमतेम ६ इंच रुंद. बटणांच्या खणाला चॅनेल म्हणजे छोट्या पोराला बापाचा कोट. इथे लाकडी पट्टी, म्हणजे रनरच बरा: खणाच्या बाजूला खाच, कपाटाच्या आतून पट्टी, खण त्या पट्टीवर लटकतो, विषय संपला.

महिना न बघता फिटिंग करणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती कोणी सांगत नाही. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा ८० टक्क्यांच्या वर, टॉवेल दोन दिवस वाळत नाही. लाकूड त्या हवेप्रमाणे पाणी पितं आणि सोडतं. ३० टक्के ओलाव्याच्या हवेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्यात साधारण ६ टक्के पाणी उरतं, ८० टक्क्यांच्या हवेत साधारण १६. घरात फरक एवढा पूर्ण पडत नाही पण अर्धा जरी पडला तरी १०० मिमी उंचीची सागवानाची फळी जवळपास १ मिमी फुगते. आणि फुगते ती रेषांना (लाकडाच्या धाग्यांना) आडवी, रेषांच्या दिशेने लांबीला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे खणाची लांबी तेवढीच राहते, रुंदी पण तेवढीच कारण पुढच्या फळीच्या रेषा आडव्या जातात, वाढते ती उंची. मी वर अर्धा मिमी सोडून 'वा काय फिटिंग आहे' म्हणत बसलो होतो.

तेव्हा कपाट मे महिन्यात करत असाल तर १०० मिमी उंचीच्या खणाला वर २ मिमी सोडा, दिसायला भोंगळ दिसेल, दिसू दे. ऑगस्टमध्ये करत असाल तर १ सुद्धा पुरे, कारण तो पुढे आक्रसणारच आहे. बाजूची गॅप मात्र बारा महिने सारखी, दोन्हीकडे १-१ मिमी. खण पूर्ण प्लायचा असेल तर महिन्याचं एवढं टेन्शन नाही, प्लाय उंचीला फुगत नाही म्हटलं तरी चालेल.

यावरून पुढची चूक आलीच: जुलैत अडकलेला खण जुलैतच रंधा मारून बारीक करणं. मी दोन खणांना मारला. आता ते एप्रिलमध्ये खुळखुळ्यासारखे वाजतात. पावसाळ्यात अडकला तर हँडल ओढत बसू नका, वरचा खण काढा, आत हात घालून मागून ढकला, घासतो तिथे मेण लावा आणि दिवाळीपर्यंत थांबा. अगदीच निघत नसेल तर कपाटापाशी टेबल लॅम्प एक-दोन दिवस चालू ठेवा, त्याच्या उबेने पण फरक पडतो.

सूत आणि मिमीचा घोळ

आपण ड्रॉइंग काढतो मिलीमीटरमध्ये आणि टिंबर मार्केटमध्ये भाषा चालते सुताची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा थोडं जास्त. मी खाच पाडली १० मिमीची आणि दुकानात पट्टी मागितली १० मिमीची, त्याने दिली चार सुतांची म्हणजे जवळपास पावणेतेरा, घरी येऊन बघतो तर ती खाचेत जाईना. माझं आता ठरलेलं माप असं: १२ मिमी जाडीच्या बाजूला १० मिमी रुंद आणि ६ मिमी खोल खाच, त्यापेक्षा खोल नको, नाहीतर फळी तिथेच तुटते. पट्टी तीन सूत रुंद, म्हणजे साडेनऊ, अर्धा मिमी मोकळा. आणि जाडी दोन सूत. या जाडीचा हिशोब नीट समजून घ्या कारण इथे खूप जण गंडतात: बाजूची गॅप १ अधिक खाच ६ म्हणजे ७, पट्टी ७ ची असली तर ती खाचेच्या तळाला घासणार, म्हणून सव्वासहा-साडेसहाच हवी. खण आजूबाजूला कुठेच टेकत नाहीये तरी घट्ट जातोय असं वाटलं तर नव्वद टक्के हेच असतं.

लाकूड कुठलं? तयार पाइनची बीडिंग पट्टी स्वस्त आणि सरळ मिळते पण मऊ असते, रोजचा खण असेल तर घासून घासून तिला खळगा पडतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला सागवानाचे बारके तुकडे मिळतात, ते घ्या, रेषा सरळ बघा, गाठ नको. जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर सोनंच, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पण त्यात मोडके खिळे लपलेले असतात. आधी लोहचुंबक फिरवा. मी नाही फिरवला, रंध्याच्या पात्याला दात पडला.

चुका मारणं

म्हणजे खरोखरच्या चुका, खिळ्यातल्या. पट्टी लावायला पाऊण इंची चुका ठोकल्या की काम दोन मिनिटांत होतं आणि दोन तासांनी पस्तावा होतो. एक तर एवढी बारीक पट्टी टोकाला चिरते, आणि दुसरं म्हणजे पट्टी पहिल्या फटक्यात बरोबर बसत नाहीच, तिला अर्धा-एक मिमी वर-खाली करावंच लागतं, चूक उपटताना प्लायचा थर पण सोबत येतो. फेविकॉल पण नको, त्याच कारणाने. स्क्रूच लावा, बारीक चार नंबरचा, पाऊण इंची. पट्टीत ३ मिमीचं भोक, आत प्लायमध्ये २ मिमीचं, आणि डोकं पट्टीच्या आत बुडेल असा खळगा. डोकं नखाला जरी लागलं तरी ते खाचेत ओरखडे काढत बसतं. पाऊण इंचीच का? पट्टी आणि १८ मिमी प्लाय मिळून पंचवीसच्या आत भरतात, मी घाईत सव्वा इंची घेतले होते, दोन टोकं बाहेरच्या मायकातून डोकावली.

कपाटाची बाजू भरीव लाकडाची असेल तर अजून एक भानगड आहे. बाजूच्या रेषा उभ्या, पट्टी आडवी, म्हणजे बाजू फुगते-आक्रसते आणि पट्टी तेवढीच राहते. पुढचा स्क्रू पक्का करा, मागचं भोक लांबट ठेवा म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहील, नाहीतर बाजूला तडा जातो.

पट्ट्या समोरासमोर एका लेव्हलला नसल्या तर खण एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा डुगडुगतो. टेपने चार ठिकाणी मापं घेऊन खुणा करायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक मापात थोडं थोडं चुकतं आणि खालपर्यंत ते सगळं साठतं. प्लायचा एक तुकडा कापा, कपाटाच्या तळावर उभा करा, त्याच्यावर पट्टी टेकवून सगळ्यात वरचा रनर लावा, तोच तुकडा समोरच्या बाजूला, मग तो तुकडा कापून छोटा करा आणि खालची जोडी लावा. टेप खिशातच राहू दे.

आणि पट्ट्या लावायच्या आधी कपाटाची आतली रुंदी पुढे, मधे, मागे अशी तीन ठिकाणी मोजा. मागे अर्धा-एक मिमी जास्त असली तर चालते, कमी असली तर खण अर्ध्यात अडकणार म्हणजे अडकणार. मागे फारच जास्त निघाली तर पट्टी आणि कपाटाच्या बाजूच्या मधे मायकाचा तुकडा सरकवा.

तेल

आईने माझ्या नकळत शिलाई मशीनचं तेल घातलं. दोन दिवस खण लोण्यासारखे सरकले, मग त्या तेलाला धूळ आणि दोऱ्याचा भुसा चिकटून काळा चिखल झाला आणि पांढऱ्या लेसला डाग पडला तो निघालाच नाही. खोबरेल तेलाचा सल्ला पण मिळाला होता, पण पुण्यात थंडीत बाटलीतलं गोठतं ते खाचेत गोठणार नाही का? साधी पांढरी मेणबत्ती घ्या, पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला घासा, बस. आणि पट्टीला किंवा खाचेला पॉलिश मारू नका, दमट हवेत पॉलिशवर पॉलिश चिकटतं आणि खण उघडताना चर्र आवाज येतो.

नक्की घासतोय कुठे हे कळत नसेल तर पट्टीला शिलाईचा रंगीत खडू फासा, खण दोनदा आत-बाहेर करा, खाचेत जिथे रंग लागला तिथेच सँडपेपर मारा. बाकी कुठे हात लावू नका.

रुंदीला जास्त आणि लांबीला कमी असा खण (माझा कात्र्यांचा, १६ इंच रुंद, ८ इंच खोल) एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन फसतो. लोक मग बाजू अजून घासतात, गॅप वाढते, तिरका व्हायला अजून जागा मिळते, आणि तो अजून फसतो. उलट गॅप कमी ठेवा, हँडल बरोबर मधे, तरी ऐकत नसेल तर तळाला मधोमध एक गाइड पट्टी.

एक राहिलंच, स्टॉपर. खाच मागून उघडी असते त्यामुळे जोरात ओढलेला खण सरळ पायावर, आणि चारशे बटणं सोफ्याखाली. खणाच्या मागच्या फळीवर एका स्क्रूवर लाकडाची छोटी फिरकी लावा, उभी केली की कपाटाच्या समोरच्या, खणाच्या वरच्या आडव्या पट्टीला अडते, खण काढायचा असेल तेव्हा आडवी.

सगळे खण आता ठीक आहेत, सहावा सोडून. तो अजूनही जूनमध्ये बंद होतो तो ऑक्टोबरमध्येच उघडतो. आईने त्यात दिवाळीच्या वाती आणि तोरणं ठेवलीयेत.