टूल म्हणतंय शुक्रवार, काम संपतं पुढच्या बुधवारी: या चुका टाळा

प्रकल्पाची तारीख हुकली की खापर आधी वेळापत्रक लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर फुटतं. ते बिचारं फक्त बेरीज करतं; आकडे आपणच भरलेले असतात.

सर्वांत महागात पडते ती श्रम आणि कालावधी यांची गल्लत. १६ तासांचं काम आहे, दिवसाचे ८ तास, म्हणजे दोन दिवस, असा हिशेब आपण करतो आणि टूलही तोच करतं. पण तो माणूस या कामाला अर्धाच वेळ देणार असेल, तर चार दिवस झाले. मंजुरीसाठी आणखी दोन दिवस थांबायचं असेल, तर सहा. श्रम मात्र १६ तासच! म्हणून ‘किती तास लागतील?’ आणि ‘हातात कधी पडेल?’ हे प्रश्न वेगवेगळे विचारा. थांबण्याच्या वेळेला यादीत स्वतंत्र ओळ द्या. उपलब्धता १०० टक्के भरणाऱ्याने मीटिंगा कधी पाहिल्याच नसाव्यात. माझ्या हातून तरी ७० टक्क्यांच्या वर आकडा पडत नाही.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक कामापुढे तारीख टाइप करायची. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या अशाच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप वेळापत्रक लागणाऱ्या कामाला सुरुवातीची तारीख हाताने दिली, की ‘याआधी सुरू करू नये’ असं बंधन गुपचूप बसतं. मग आधीचं काम चार दिवस लवकर संपलं, तरी पुढचं जागचं हलत नाही. आधीचं लांबूनही पुढचं ढिम्म असेल, तर दोन गोष्टी तपासा: दोन्ही कामं एकमेकांना जोडली आहेत का, आणि पुढचं काम ‘मॅन्युअल’वर, म्हणजे तारखा हातानेच बदलायच्या अशा सोयीवर, तर नाही ना. ही मॅन्युअलची सोय २०१० च्या आवृत्तीपासून आली. तारीख भरायचीच असेल, तर ती मुदत म्हणून वेगळ्या रकान्यात भरा.

‘९० टक्के झालं’ हे उत्तर स्वीकारू नका. उरलंय किती तासांचं, ते विचारा आणि तोच आकडा भरा. न झालेलं काम मागच्या आठवड्याच्या तारखांवरच पडून असेल, तर ते आजच्या पुढे ढकला. नाहीतर टूल ते काम कालच उरकल्याचं धरून चालेल आणि शेवटची तारीख फसवी निघेल.

समांतर कामांचं गणित तर भल्याभल्यांना चकवतं. तीन कामं संपल्यावरच चौथं सुरू होणार आहे आणि तिन्ही स्वतंत्रपणे वेळेत होण्याची शक्यता प्रत्येकी ८० टक्के आहे, असं समजा. तिन्ही एकदम वेळेत होण्याची शक्यता उरते जेमतेम ५१ टक्के. राखीव दिवस ठेवायचे ते अशा सांध्यावर. प्रत्येक कामात चिमूटभर वाढवून ठेवलेले दिवस कुठे जिरतात, ते कळतही नाही.

आणि एखाद्यालाच तारीख एक दिवस मागे किंवा पुढे दिसत असेल, तर वेळापत्रकाला हात लावण्याआधी त्याच्या खात्यातला टाइम झोन बघा.