बाइकची चेन घरच्या घरी कशी ताणावी

सोलापुरात उन्हाळाभर धूळ आणि पावसाळ्यात शेतरस्त्यांची काळी माती. चेन उघडी असलेली गाडी इथे लवकर कुरकुरायला लागते. गिअर टाकताना झटका बसतो, खड्ड्यात कव्हरवर खडखड होते. मग आपण मेकॅनिकला ‘चेन टाइट करा’ म्हणतो आणि आवाज थांबला की खूश होतो. पण गच्च चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. दोघं-तिघं बसून तुळजापूरला निघालात की मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. सैलपणा उरलेलाच नसेल तर सगळा भार इंजिनाच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नका, बोटं जातात. दोन्ही स्प्रॉकेटांच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांच्या) मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करा. चाक थोडं थोडं फिरवत दर वेळी बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून सगळ्यात ताठ जागेवरच माप घ्या. बहुतेक साध्या गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर हालचाल लागते. नेमका आकडा, आणि माप कोणत्या स्टँडवर घ्यायचं तेही, गाडीच्या पुस्तिकेत असतं.

आता मागच्या एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याचा, नट सैल करा. त्यात पिन असेल तर आधी ती काढा. काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नटही सोडावा लागतो. तो विसरला तर चाक हलतच नाही. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवणारे बोल्ट-नट, पाव-पाव आटा फिरवा, डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे, आणि दोन्हीकडच्या खुणा जुळवा. इथे घाई केली की चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजतात.

नट आवळा आणि माप पुन्हा घ्या, कारण आवळताना ते बदलतं. पिन बसवा, शक्यतो नवी.

मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यामुळे ब्रेकची दांडी ताणली जाते. पॅडलचा सैलपणा पुन्हा लावून घ्या आणि चाक हाताने मोकळं फिरतंय का बघा.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा दिसत असेल, तर ताणण्यात अर्थ नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदला. जुन्या दातांवर नवी चेन टिकत नाही.