तलंगा पिसं उपटतायत? चोच कापण्याआधी दाणा आणि पडदा बघा

कोजागिरी उलटली, द्राक्षाची छाटणी उरकत आली, मक्याची कणसं खळ्यावर यायला लागली, की नाशिक जिल्ह्यातल्या घरगुती कोंबडीपालनात एक तक्रार हमखास ऐकू येते. श्रावणात आणलेली पिल्लं आता आठ-दहा आठवड्यांची, म्हणजे तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्या) झालेली असतात. काल-परवापर्यंत ती नीट नांदत होती. आज सकाळी खुराडं उघडलं तर एकीच्या शेपटीच्या मुळाशी लाल मांस दिसतंय, पाठ उघडी पडलीय आणि बाकीच्या तिच्या मागे लागल्यात. घरात हे सगळ्यात आधी लक्षात येतं ते रोज दाणा-पाणी करणाऱ्या बाईच्या, आणि तिला शेजारून पहिला सल्ला मिळतो तो चोच कापण्याचा. तो सल्ला आज बाजूला ठेवा. कोंबडीची जात गिरिराज असो, वनराज असो की कावेरी, या वयात पिसं उपटण्याचं कारण चोचीत क्वचितच असतं. ते दाण्यात, गर्दीत आणि थंडीसाठी बांधलेल्या पडद्यात असतं.

रक्त दिसलं की आधी ती तलंग बाहेर

कारण शोधायला दोन दिवस लागले तरी चालतील, जखमी पक्ष्याला मात्र तासभरही आत ठेवू नका. कोंबडीला लाल रंग चटकन दिसतो आणि तो दिसला की ती टोचते. नवीन फुटणाऱ्या कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं. ते पीस तुटलं की थेंब येतो, त्या थेंबावर दुसरी चोच पडते, आणि दुपारपर्यंत दहा जणी एकीवर तुटून पडलेल्या असतात. आमच्याकडे एका हिवाळ्यात सकाळी दिसलेली बोटाच्या पेराएवढी जखम मी संध्याकाळी बघू म्हणून सोडली होती. संध्याकाळी ती तलंग जिवंत नव्हती. तेव्हापासून खुराड्याजवळ एक रिकामं डालगं कायम तयार ठेवते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर दोन-चार मिनिटं दाबून धरा. मग एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवा आणि त्या पाण्यानं जखम धुवा. चिकटलेली पिसं ओढू नका, भिजवून सोडवा. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. ते नसेल तर स्वच्छ हळद खोबरेल तेलात कालवून लावली तरी चालते. ऑक्टोबरच्या उकाड्यात माशा जखमेवर अंडी घालतात, म्हणून जखमेच्या कडेनं कडुनिंबाचं तेल फिरवा आणि रोज सकाळी अळ्या झाल्यात का ते बघा. गाडीचं काळं ऑइल, चुना, तंबाखू यातलं काहीही लावू नका. जळजळ होते, कातडी आणखी फाटते आणि ऑइल पिसं साफ करताना पोटात जातं.

डालग्यात खाली भाताचं तूस नको, ते जखमेत चिकटतं. धुतलेलं पोतं अंथरा, पाणी जवळ ठेवा, जागा थोडी अंधारी आणि उबदार असू द्या. डालगं मात्र शेडमध्येच, जाळीच्या आड ठेवा. आठवडाभर नजरेआड गेलेली तलंग परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजतात आणि पुन्हा मार पडतो.

मांसाचा थर उघडा पडला असेल किंवा गुदद्वारातून आतडं बाहेर दिसत असेल, तर घरी वेळ घालवू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मेडिकलमधून स्वतःच प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून पाण्यात घालणं टाळा. त्याचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो.

अजून एक गोष्ट इथेच सांगते. तुऱ्यावर, डोळ्याभोवती, चोचीखालच्या लोंबत्या लाल कातडीवर काळपट खपल्या किंवा मोहरीएवढे फोड दिसले तर ती टोचल्याची जखम नसेल, देवी रोग असू शकतो. तो डासांमुळे पसरतो आणि टोचलेल्या जखमेतूनही शिरतो. अशा पक्ष्याला वेगळं ठेवा आणि उरलेल्यांच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरचा मका, आणि फक्त मका

आता मूळ कारणाकडे. येवला, चांदवड, मालेगाव, नांदगाव पट्ट्यात या दिवसांत घरोघरी मका असतो. विकतच्या खाद्याची गोणी संपली की माणूस साहजिकच म्हणतो, घरचा मका भरडून घालू. पिल्लं तो आवडीनं खातात, पोट भरलेलं दिसतं. पण मक्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के. लहान पिल्लांच्या खाद्यात ती सुमारे २० टक्के आणि वाढत्या तलंगांना १६ टक्के लागतात. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि त्यातही गंधकयुक्त अमिनो आम्ल जास्त. नुसत्या मक्यातून ते पुरेसं मिळत नाही. या वयात तलंगांची जुनी पिसं गळून नवी येत असतात, अंगाला प्रथिनांची भूक असते आणि समोर शेजारणीचं पीस असतं. मीठ कमी पडलं तरी हेच होतं. खाली पडलेली पिसं शेडमध्ये दिसेनाशी झाली, तर पक्षी ती खातायत असं समजा. ही खूण जखम व्हायच्या आधी मिळते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवा.

घरचा मका वाया घालवायचा नाही, त्याला जोड द्यायची. १०० किलो खाद्यासाठी मक्याचा भरडा ६५ किलो, सोयाबीन पेंड २० किलो, गव्हाचा कोंडा १२ किलो, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २ किलो ७०० ग्रॅम आणि मीठ ३०० ग्रॅम घ्या. जीवनसत्त्वांची पूड पाकिटावर लिहिलेल्या मापानं घाला. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर वाचा, त्यात मीठ आधीच असेल तर वेगळं घालू नका, कारण जास्त मीठ कोंबडीला विषासारखं आहे. पेंड म्हणजे पेंडच. निफाड-दिंडोरीकडे आत्ता सोयाबीनही निघालेलं असतं आणि काही जण कच्चं सोयाबीन दळून घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. नवं खाद्य एकदम सुरू करू नका, पाच-सहा दिवसांत हळूहळू बदला.

परतीच्या पावसात भिजलेला मका नीट वाळवल्याशिवाय भरडू नका. हिरवट-काळी बुरशी दिसली तर ती कणसं सरळ बाजूला काढा. बुरशीचं विष यकृतावर बसतं आणि मग पक्षी कशालाच तग धरत नाही.

चोचीला काम हवं. कोंबडीचा दिवस उकरण्यात आणि टोचण्यात जातो. जमीन नसेल तर ती शेजारणीला टोचते. आपल्याकडे या दिवसांत कोबी-फ्लॉवरचा पाला भरपूर असतो. कोबीचा गड्डा दोरीनं पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला टांगा, लसूणघासाची जुडी बांधून सोडा, दाण्याचा थोडा भाग तुसात विखरून टाका. फवारणीच्या बागेतला पाला आणू नका आणि छाटणीनंतर औषधं चालू असलेल्या द्राक्षबागेत कोंबड्या सोडू नका. चाळीतला सडका कांदाही घालू नका. कांदा जास्त पोटात गेला तर कोंबडीचं रक्त कमी होतं.

गर्दी, उजेड, पडदे

पिल्लं ५० आणली तेव्हा जागा ऐसपैस वाटत होती, आता तीच अपुरी पडते. वाढत्या तलंगेला किमान एक ते दीड चौरस फूट जागा हवी, आणि दाण्याच्या भांड्यावर प्रत्येकीला दोन-तीन इंच. भांडी एकाच कोपऱ्यात ठेवली की दांडग्या तिथे उभ्या राहतात आणि दुबळ्या उपाशी राहतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी ठेवा. लहान-मोठी वयं एकत्र करू नका.

निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्या भीतीनं दिवाळीनंतर शेडचे पडदे खालपासून वरपर्यंत कसून बांधले जातात. आत ओलं तूस, विष्ठा आणि अमोनियाचा वास. तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं तर पक्ष्यांना कितीतरी जास्त त्रास होतोय. पडदा खालून बांधा, वर फूटभर मोकळा ठेवा. तूस रोज हलवा, ओला भाग काढून नवं टाका. इगतपुरी-त्र्यंबकच्या भात गिरण्यांत ते मिळतं, नाहीतर भुईमुगाची टरफलं चालतात. उबेसाठी पांढरा प्रखर बल्ब रात्रभर जळत असेल तर तो काढा. मोठ्या तलंगांना त्याची गरज नसते, आणि लहान पिल्लांना ऊब द्यायचीच तर लाल किंवा मंद दिवा बरा. पडद्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत पडत असेल तर ते भोक बुजवा, त्या उजळ पट्ट्यात टोचाटोची सुरू होते.

रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या खालच्या फटी बघा. लाल-काळे बारीक किडे किंवा गोचीड दिसले, पंखाखाली उवा दिसल्या, तर पक्षी खाजेनं स्वतःची पिसं ओढत असतील. एका घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, तलंगा त्यात आपणहून लोळतील. किडे जास्त असतील तर औषध डॉक्टरांना विचारूनच वापरा.

एवढं करूनही टोचणं चालू राहिलं, तर दुपारी अर्धा तास शेडच्या कोपऱ्यात शांत बसा. बहुतेक वेळा सुरुवात करणारी एक किंवा दोनच असतात, आणि ओळखायला सोपं म्हणजे त्यांची स्वतःची पिसं धड असतात. फक्त जखमीला नव्हे, त्यांनाही पाच-सहा दिवस वेगळं काढा. परत आल्यावर त्यांचा आधीचा वरचष्मा उरलेला नसतो.

चोच कापायची असेल तर ती वयाच्या सातव्या ते दहाव्या दिवशी, शिकलेल्या माणसाकडून, तापलेल्या पात्याच्या यंत्रानं. दहा आठवड्यांच्या तलंगेची चोच ब्लेडनं किंवा नेलकटरनं कापली तर रक्त जातं, दुखण्यानं ती खात नाही आणि मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबडीचं हत्यारच जातं.

मुळापासून निघालेलं पीस लगेच पुन्हा फुटू लागतं, अर्धवट तुटलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. जखम पूर्ण सुकली, खपली पडली आणि ती जागा नव्या पिसांनी झाकली गेली, की ती तलंग अंधार पडल्यावर, बाकीच्या दांडीवर बसलेल्या असताना, मध्येच बसवा. जमल्यास एकटीला नको, दोघींना एकत्र सोडा. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र खुराडं उघडायला स्वतः जा आणि पहिला दाणा पडेपर्यंत तिथेच थांबा.