केमोवरच्या पेशंटला घरी काय विचारायचं (ब्लॅडरचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर)

"कसं वाटून राहिलं बाबा?" असं विचारलं की आपल्याकडची म्हातारी माणसं एकच सांगतात, "बरं आहे जी." लेकाला सुट्टी काढावी लागेल, केमो थांबवतील, अशी भीती पोटात असते म्हणून सांगत नाहीत. त्यामुळे कसं वाटतं हे विचारूच नका, काय झालं आणि किती झालं ते विचारा, रोज एकाच वेळेला, आणि वहीत तारीख टाकून लिहा.

ब्लॅडरसाठी बऱ्याच जणांना जेमसिटाबिन आणि सिसप्लाटिन ही केमोची दोन औषधं चालू असतात, साधारण 21 दिवसांची सायकल, पहिल्या दिवशी दोन्ही आणि आठव्या दिवशी नुसती जेमसिटाबिन.

सगळ्यात आधी ताप. हात लावून काही कळत नाही, मे महिन्यात नागपुरात घरातल्या सगळ्यांचंच कपाळ तापलेलं असतं, डिजिटल थर्मामीटर घ्या. 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, की लगेच हॉस्पिटलला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. डॉक्टरला विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप दबतो आणि इन्फेक्शन आतल्या आत वाढतं. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सायकलच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात कमी होतात, तेव्हा जास्त लक्ष ठेवा. जेमसिटाबिनने पहिल्या दिवशी फ्लूसारखा ताप येऊ शकतो हे खरं, पण तो तोच ताप आहे हे आपण ठरवायचं नाही.

मग लघवी. "लघवी होते ना?" यावर सगळे हो म्हणतात. रात्री किती वेळा उठले, जळजळ आहे का, रंग चहासारखा की लाल, रक्ताच्या गाठी पडतात का, हे विचारा. गाठी पडून लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका. सिसप्लाटिन किडनीवर येतं आणि आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, घामातच अर्धं पाणी जातं, तर किती ग्लास प्यायले ते मोजा, किती चालेल ते डॉक्टरांना विचारून. ओकारीचंही तसंच, किती वेळा झाली आणि पाणी तरी टिकतं का. पाणीच टिकत नसेल तर फोन करा. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून देणं एकदम बंद.

मुंग्या येतात का विचारलं तर नाही म्हणतात, म्हणून शर्टाची बटणं लावताना बघा, पायातली चप्पल निसटते का बघा. टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का, कानात शिट्टी वाजते का? हे सगळं सिसप्लाटिनचं असू शकतं आणि वेळेत कळलं तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात.

थकव्याला दहापैकी किती मार्क असं विचारलं की शेतकरी माणूस गोंधळतो. "आज अंगातल्या ताकदीची पैसेवारी किती?" म्हणा, म्हणजे पिकाची लावतात तशी, रुपयात किती पैसे, पटकन आकडा येतो. कालच्यापेक्षा बरीच घसरली तर लिहा, आणि दिवसातला किती वेळ खाटेवर गेला तेही लिहा.

एकाच पायाला सूज, छातीत दुखणं, दम लागणं, हिरड्यातून रक्त, असंबद्ध बडबडणं, यात वही-बिही काही नाही, सरळ गाडी काढा.

गडचिरोली, बालाघाटकडून येणाऱ्यांनी डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या की रात्री त्रास झाला तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचं आणि तिथल्या डॉक्टरला कोणता कागद दाखवायचा, केमोच्या फाइलची झेरॉक्स पिशवीतच ठेवा.