आधी राखण, मग कोंबड्या

"ताई, दोन एकर माळ पडून आहे. पन्नास कोंबड्या आणि दहा मेंढरं टाकावीत म्हणतोय, किती खर्च येईल?" असे फोन अधूनमधून येतात. मी उलट विचारते, कुत्रं आहे का? मग पलीकडून हमखास उत्तर येतं, ते काय, गावातलं एखादं पिल्लू आणू की नंतर.

नंतर नाही, आधी. आमचं रान सांगोला तालुक्यात, गावापासून लांब. रात्री मुंगूस, रानमांजर, दिवसा घार, आणि माळावर लांडगा. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी ओळखलं जातं, पण तिथल्या गवतात लांडगे आणि खोकडंही राहतात, आणि बाकीच्या माळांवरही ती फिरतात. शेडला जाळी मारायला खर्च करणारी माणसं राखणीचा विचार सगळ्यात शेवटी करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

मोबाइलवर बॉर्डर कोली मेंढरं वळवताना बघून काहीजण तसलं कुत्रं मागतात. त्या अंगभर केसांच्या जनावराला आपल्या एप्रिलच्या उन्हात बांधायचं म्हणजे पापच. शिवाय आपल्याकडे मेंढरं वळवतो मेंढका, तोंडाने हाळी देऊन आणि काठीने. कुत्र्याचं काम राखण. त्यामुळे पिल्लू आणायचं ते धनगराच्या वाड्यावरच्या कुत्रीचं, दोनेक महिन्यांचं. त्याची आई मेंढरांत झोपत असली पाहिजे, हे स्वतः जाऊन बघायचं.

पिल्लू घरात घ्यायचं नाही. त्याची जागा कोकरांच्या शेजारी, वाघरीच्या म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत. भाकरी तिथेच, पाणी तिथेच. पोरं त्याला उचलून ओसरीवर आणतात, मग ते माणसांचं होतं आणि मेंढरांकडे पाठ करून दारात बसतं. खरी कसोटी सहाव्या महिन्यापासून लागते. दात शिवशिवतात, अंगात मस्ती असते आणि समोर कोंबडी पळते. ती पळाली की हे मागे. आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवायला येणारे एक आबा आहेत, त्यांची रीत मी उचलली. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी कुत्र्याला पोटभर ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून घालायची, मग दोरीला धरून त्यांच्यातून सावकाश फिरवायचं. नजर रोखली की दोरीला हिसका. तरीही धावत असेल तर गळ्यात लाकडाचं लोढणं, गुडघ्याला लागेल एवढं. आबा म्हणतात, "त्याला मारू नगं, कंटाळा येऊ दे." कोंबडीचा कंटाळा आलेलं कुत्रं, हेच तयार कुत्रं. एक वर्ष तरी त्याला कोंबड्यांत एकटं सोडायचं नाही.

दोन गोष्टींत हयगय नको. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. दुसरी, जंताचं औषध. मेलेल्या मेंढीचं डोकं किंवा आतडी कच्ची कुत्र्यापुढे टाकायची सवय खेड्यात सर्रास आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात. मग मेंदूत पाण्याची गाठ होते आणि मेंढरू एकाच दिशेला गोल गोल फिरायला लागतं. लोक त्याला बाहेरची बाधा म्हणतात. काही जातींच्या कृमींच्या गाठी माणसालाही होतात. तेव्हा द्यायचंच असेल तर शिजवून द्या, नाहीतर पुरा.

आता कोंबड्या. अंडी एकवीस दिवसांत उबतात हे सगळ्यांना माहीत असतं, कधी उबवायची हे विचारत नाहीत. दिवाळी ते फेब्रुवारी, बस. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की साठवलेली अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली जायच्या आधीच बिघडतात. टोपलीत भुसा घालून आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी ठेवायची, सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून बघायची. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती वजनाला चांगल्या, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायला गावरान कोंबडी लागतेच.

यातला हिशेब आखाडाचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीतले कोंबडे आषाढापर्यंत विकायला येतात, आणि आखाडात गावरान कोंबड्याला मागाल तो भाव. पुढच्याच महिन्यात श्रावण, तेव्हा कोणी विचारत नाही आणि खाद्य मात्र चालू राहतं.

लसीचं सांगते. राणीखेत म्हणजे मानमोडी आली की खुराडं आठवड्यात रिकामं. लासोटा या तिच्या लसीचा थेंब पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात. बाटली शंभर-दोनशे पिल्लांची येते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या बायकांशी बोलून एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या पिल्लांना लस देतो. बाटली बर्फातच न्यायची. औषध दुकानदाराने ती फळीवर ठेवलेली दिसली तर घेऊच नका.

मेंढ्यांचा व्याप वेगळा, पण थोडक्यात एवढं: पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस, लेंडीखत विकायच्या आधी आपल्या रानाला, आणि लोकरीवर पैसे धरू नका. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला चालते, पण घोंगडी विणणारेच कमी झालेत. कातरणीची मजुरीही कधी निघत नाही. माडग्याळ जातीला, म्हणजे जत तालुक्यातल्या त्या पोपटनाक्या मेंढीला, भाव फार. सुरुवातीला साधी दख्खनी बरी.

खरेदी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात. सकाळी लवकर जा, नाकाला शेंबूड आणि मागे हगवणीचे डाग बघा, जबडा उघडून दात मोजा. घरी आणलेलं जनावर लगेच कळपात घालायचं नाही. पंधरा दिवस वेगळ्या वाघरीत, आणि कुत्रं त्या वाघरीच्या बाहेर बांधायचं. ते पहिले दोन दिवस भुंकतं, तिसऱ्या दिवशी नुसतं हुंगतं. त्यानंतर कळपात सोडलं तरी ते नव्या मेंढीला हाकलत नाही.