दिव्यांगत्वाचे टक्के आणि कामाची क्षमता : मूल्यांकन अचूक व न्याय्य कसे करावे

नाशिक जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तीचे मूल्यांकन एकाच ठिकाणी होत नाही. प्रमाणपत्रासाठी ती सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात जाते. अनुदानासाठी तिची फाईल तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या समितीपुढे येते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात अपघात झाला असेल तर कामगार विम्याचे वैद्यकीय मंडळ तिला तपासते. आणि भरपाईचा वाद निघाला तर तेच कागद न्यायालयात जातात. या प्रत्येक ठिकाणचा प्रश्न वेगळा असतो, पण उत्तर म्हणून बहुधा एकच आकडा पुढे सरकवला जातो. मूल्यांकनातला बराचसा अन्याय वाईट हेतूतून नव्हे, तर या सरमिसळीतून होतो, असे माझे मत आहे. म्हणून मंडळावरील डॉक्टर, तहसीलमधील कर्मचारी, कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि अर्जदारांना मदत करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी ही मांडणी आहे.

प्रश्न कोणता, हे आधी लिहावे

तपासणी सुरू करण्यापूर्वी नोंदीच्या पहिल्या ओळीत, आपण नेमके कशाचे उत्तर देत आहोत ते लिहावे. शरीराच्या किंवा मनाच्या कार्यात किती घट झाली, हा पहिला प्रश्न आहे. त्या घटीमुळे या माणसाच्या कमावण्याच्या क्षमतेचे किती नुकसान झाले, हा दुसरा. आणि कोणती साधने किंवा कामात कोणते बदल मिळाले तर तो काम करू शकेल, हा तिसरा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकार आणि लाभांसाठी लागणारी किमान ४० टक्क्यांची मर्यादा पहिल्या प्रश्नाशी निगडित आहेत. कामगार भरपाई आणि कामगार विमा दुसऱ्याशी, तर नोकरीतील सोयीसुविधा तिसऱ्याशी. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात गेले की अंगठा गमावलेला प्रेस ऑपरेटर आणि अंगठा गमावलेला पहारेकरी कागदावर एकसारखे दिसू लागतात.

टक्केवारी काढताना

टक्केवारी अंदाजाने देण्याची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. प्रत्येक प्रकारासाठी काय मोजायचे हे त्यांत दिलेले आहे. सांध्याची हालचाल गोनिओमीटर या कोनमापकाने मोजावी, स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत लिहावी आणि दोन्ही बाजूंचे आकडे नोंदवावेत. ‘हालचाल कमी’ एवढ्या दोन शब्दांवरून अपिलात काहीही पडताळता येत नाही.

एकाहून अधिक दिव्यांगत्वे असतील तर टक्के सरळ बेरीज करून मिळत नाहीत. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान आकडा ‘ब’ धरला, तर सूत्र असे आहे : अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा, पायाचे दिव्यांगत्व ३६ टक्के आणि दुसरे ९ टक्के आहे. साधी बेरीज ४५ होते, सूत्राने मात्र ४१.४ येतात. पण ज्या तपासनिसाने केवळ पाय पाहून ३६ लिहिले आणि दुसरा त्रास विचारलाच नाही, त्याने त्या माणसाला ४० च्या खाली ठेवून अनुदानाचे आणि आरक्षणाचे दार बंद केलेले असते. म्हणून अर्जदार ज्या तक्रारीसाठी आला आहे तिच्या पलीकडचे ऐकणे, डोळे, मनःस्थिती यांबद्दल प्रत्येकाला एकदा तरी विचारावे.

मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाची श्रवण तपासणी करताना आणखी एक खबरदारी हवी. पाळी संपवून तो थेट तपासणीला आला, तर गोंगाटाने तात्पुरते मंदावलेले ऐकणेही आलेखात उतरते, म्हणून किमान १४ तास आवाजापासून दूर राहिल्यानंतर चाचणी घ्यावी. ही सूचना तारीख देतानाच द्यावी लागते. दारात आल्यावर सांगितली तर त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवले जातात. एकूण ७ गुणांपासून ४० टक्के सुरू होतात. यातील ‘काम’ हे क्षेत्र सर्वांत घाईने भरले जाते. घर सांभाळणाऱ्या बाईला ‘नोकरी नाही’ म्हणून शून्य देणे चूक आहे, कारण मोजपट्टीत घरकामाचा आणि शिक्षणाचा स्वतंत्र विचार आहे. स्वयंपाक अर्धवट सुटतो का, मुलांना शाळेत कोण पाठवते, बाजारहाट कोणी हाती घेतला, हे विचारावे. घरच्या माणसाशीही बोलावे, पण रुग्णाला बाहेर बसवून सगळी माहिती नातेवाइकांकडूनच घेऊ नये.

कामाचे वर्णन, जे फाईलमध्ये नसतेच

कमावण्याच्या क्षमतेचा निर्णय जिथे चुकतो, तिथे बहुतेक वेळा वैद्यकीय भाग ठीक असतो. काम मात्र कोणी पाहिलेले नसते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल मार्गदर्शक आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्या कमावण्याच्या क्षमतेची हानी १०० टक्के धरली गेली आणि न्यायालयाने ती मान्य केली. पुढे २०१० मध्ये रस्ता अपघाताच्या एका प्रकरणात न्यायालयाने पद्धतच सांगितली : कायमच्या दिव्यांगत्वानंतर माणूस काय करू शकतो आणि काय नाही हे आधी ठरवावे, मग अपघातापूर्वीचा त्याचा व्यवसाय, कामाचे स्वरूप आणि वय पाहावे, आणि शेवटी तो काहीच कमावू शकत नाही, की पूर्वीचेच काम करू शकतो, की त्याहून हलके काही करून पोट भरू शकतो, याचा निष्कर्ष काढावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने ज्याची जागा घेतली, त्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठ्यासाठी ३० आणि तर्जनीसाठी १४ टक्के असे आकडे होते. अशा आकड्यांचा उपयोग आहे, परंतु त्यांना माणसाचा व्यवसाय ठाऊक नसतो.

‘काय काम करता?’ या प्रश्नाला ‘मजुरी’ एवढेच उत्तर मिळते, आणि अर्ज भरणाराही तेवढेच लिहितो. त्यामुळे कामाचे तुकडे करून विचारावे. द्राक्षबागेतील मजूर मांडवाखाली हात डोक्यावर धरून तासन्‌तास छाटणी करतो, विरळणीला बोटांची चपळाई लागते, काढणीत भरलेली क्रेट उचलावी लागतात. खांदा निम्माच वर जात असेल तर टक्केवारी लहान आणि हंगाम मात्र पूर्ण बुडालेला, असे होऊ शकते. येवल्याचा पैठणी विणकर बसून काम करतो, म्हणून ते ‘हलके काम’ ठरत नाही; बारीक बुट्टीसाठी नजर आणि दोन्ही हातांची बोटे शाबूत लागतात आणि मागावरची बैठक कमरेची परीक्षा घेते. कारखान्यातील प्रेसवर दोन्ही हातांनी बटणे दाबावी लागतात की पायाने पेडल मारावे लागते, हे डॉक्टरांना माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून ते पर्यवेक्षकाकडून किंवा संघटनेच्या प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे. मोबाइलवर काढलेली दोन मिनिटांची कामाची चित्रफीतही पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

त्यानंतर प्रत्येक तुकड्याबद्दल चार गोष्टी तपासाव्यात : ही क्रिया त्याला जमते का, इजेचा धोका न पत्करता जमते का, कामाला लागणाऱ्या गतीने पाळीभर जमते का, आणि आज केल्यावर उद्या पुन्हा जमते का. तपासणीच्या खोलीत पहिल्याच गोष्टीचे उत्तर दिसते, आणि घोळ तिथेच होतो. ‘रुग्ण जिना चढून आला’ ही नोंद मी अनेक कागदांत वाचली आहे. तो कितीदा थांबला आणि वर आल्यावर किती वेळ बसून राहिला, हे क्वचितच लिहिलेले असते.

सिकलसेल, हिमोफिलिया, संधिवात, मानसिक आजार यांत चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात. सुरगाणा किंवा पेठहून आलेला सिकलसेलचा रुग्ण तपासणीच्या दिवशी ठीक असेल, कारण वेदनेचा झटका आला असता तर तो एसटीत चढूच शकला नसता. अशा वेळी मागील तीन महिन्यांत किती दिवस काम झाले, किती वेळा दाखल व्हावे लागले, रक्त कधी चढवले, हे विचारून हजेरीपट, ओपीडीचे कागद आणि डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहावे.

बोलण्याची भाषाही निर्णयावर परिणाम करते. बागलाण आणि मालेगावच्या पट्ट्यात अहिराणी, सुरगाणा-पेठमध्ये कोकणा आदिवासींची कोकणी, मालेगाव शहरात उर्दू बोलणारे अर्जदार प्रमाण मराठीत ‘दुखते’ एवढेच म्हणतात आणि गप्प होतात. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी आधी ठरवावा, आणि अर्जदाराच्या लहान मुलाला दुभाषी कधीही करू नये.

कारणे लिहावीत, आणि ती अर्जदाराला कळतील अशी

अर्ज नाकारल्यास कारणांसह लेखी कळवणे नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘४० टक्क्यांपेक्षा कमी, अपात्र’ हा निष्कर्ष झाला, कारण नव्हे. कारण असे असावे : ‘उजवा खांदा ९० अंशांपर्यंतच वर जातो, स्नायूंची ताकद ४, अर्जदार द्राक्षबागेत छाटणी करतो, हात डोक्यावर धरण्याचे काम दहा मिनिटांपेक्षा अधिक करू शकत नाही असे तो व सोबतचा मुकादम सांगतात, खांद्याच्या क्ष-किरण अहवालाशी हे जुळते, जमिनीवरील प्रतवारीचे काम तो करू शकतो.’ असे चार ओळींत लिहिलेले असले की असहमत असणाऱ्यालाही नेमके कशाला आव्हान द्यायचे ते कळते. वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच सांगितले : केवळ टक्केवारीवरून उमेदवाराला अपात्र ठरवू नये, दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड खरोखर येते का हे मंडळाने पाहावे आणि कारणे द्यावीत.

मंडळाने स्वतःचेही काम तपासावे. महिन्यातून एकदा जुन्या दहा-वीस फाईली नावे झाकून दुसऱ्या डॉक्टरांकडे द्याव्यात आणि दोघांचे आकडे कुठे फाटतात ते एकत्र बसून पाहावे. वर्षभराचे आकडे मांडल्यावर ३८-३९ वर किंवा नेमक्या ४० वर गर्दी दिसली, तर मोजमाप थांबून निवाडा सुरू झाला आहे असे समजावे. ८० लाही हेच लागू होते, कारण केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाची मर्यादा तिथे आहे. नकारांचे प्रमाण तालुकानिहाय आणि स्त्री-पुरुष असे वेगळे काढावे. बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न खरा आहे आणि अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण बनावटगिरी कागद आणि मोजमापे ताडून पकडायची असते, समोरच्या प्रत्येकाशी संशयाने बोलून नव्हे.

अर्जदाराला मदत करणाऱ्यांनी मोजकेच करावे : कामाचे एक पानी वर्णन आणि तीन महिन्यांची नोंद सोबत द्यावी, प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, आणि प्रमाणपत्राचा निर्णय पटला नाही तर अधिनियमाच्या कलम ५९ खालील अपील मुदतीत दाखल करावे. कामगार विम्याच्या मंडळाविरुद्ध अपिलाचा मार्ग वेगळा आहे. दोन्हींची गल्लत झाल्यास मुदत हातची जाते.

शेवटचा रकाना तिसऱ्या प्रश्नाचा, आणि तो बहुतेकदा कोरा राहतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढू नये किंवा खालच्या पदावर नेऊ नये, असे अधिनियमाचे कलम २० सांगते. पण कोणते पद त्याला झेपेल हे मूल्यांकनात लिहिलेले नसेल, तर आस्थापना विभाग तरी काय करणार? म्हणून ‘उभे राहण्याचे काम नको’ एवढ्यावर न थांबता ‘बसून काम, दर तासाला पाच मिनिटे विश्रांती, तळमजल्यावर नेमणूक, रात्रपाळी वगळावी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे’ असे लिहावे. पाय कापलेल्या माणसाला मात्र दर वर्षी पुन्हा तपासणीला बोलावू नये.